हातात अकरा हजार, की कागदावर साडेनऊ?

पत्र

ताई, नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. वय २६. बी.कॉम. होऊन पाच वर्षं झाली. अम्मा घरी विड्या वळते, नान्ना चादरीच्या जॅकार्ड मागावर आहेत. तीन वर्षं मी अभ्यासिकेत बसून एमपीएससी करतेय, दोनदा पूर्व परीक्षा थोडक्यात गेली. संध्याकाळी अम्माला विड्यांना दोरा बांधून देते, तेवढीच माझी कमाई.

मागच्या आठवड्यात नान्नांनी पेपर माझ्यापुढे टाकला. देशात बेकारी तीन टक्के. म्हणाले, "शंभरात तीन बेकार, त्यातली एक आपल्या घरात." दोन दिवस जेवण गेलं नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाचं काम मिळतंय. पंचेचाळीस माणसं आहेत. मालक म्हणतात, पीएफ नको असेल तर अकरा हजार रोख, पीएफ हवा तर हातात साडेनऊ येतील. पुण्याची मावसबहीण म्हणते, तिकडे कशाला अडकतेस, इकडे १७ हजार मिळतात. क्लासचे सर म्हणतात, केंद्र सरकार नवं रोजगार धोरण आणतंय, मोठी भरती निघेल, अजून एक वर्ष थांब. मी काय करू? आणि त्या शंभरातल्या तिघांत खरंच मीच का?

– द., सोलापूर

उत्तर

द., आधी नान्नांचं गणित बघू. ते चुकलंय, पण त्यात नान्नांचा दोष नाही. शंभरातल्या त्या तिघांत तू नाहीस. सरकारच्या पाहणीत तुला बेकार म्हणून कुणी मोजतच नाही.

ही पाहणी दरवर्षी होते. २०२३-२४ ची आली तेव्हा पंधरा वर्षांवरच्या लोकांमधली बेकारी ३.२ टक्के निघाली. पेपरात येतो तो आकडा साधारण हाच. आता समज, पाहणीवाला तुमच्या दारात आला. त्याने विचारलं, वर्षातला जास्तीत जास्त वेळ काय करता? तू म्हणालीस, शिकते. झालं, तू विद्यार्थी. विद्यार्थी ना काम करणाऱ्यांत धरतात ना बेकारांत. त्यांना श्रमबाजाराच्या बाहेर ठेवतात. पुढे त्याने विचारलं, वर्षभरात तीसेक दिवस तरी काही काम केलं का? तू दोरा बांधायचं सांगितलंस. मग तर तू कामावर असलेली ठरलीस! घरच्या कामात बिनपगारी मदत केली तरी ते काम धरतात. आठवड्याचा हिशेब करणारी दुसरी पद्धत आहे, तिच्यात तर सात दिवसांत एक तास काम पुरतं.

यात कुणी फसवत नाही, व्याख्याच तशी आहे आणि जगभर थोड्याफार फरकाने अशीच असते. पण तो आकडा सांगतो एवढंच, की काम करणाऱ्या-शोधणाऱ्यांत हाताला काहीतरी लागलेल्यांचं प्रमाण किती. त्या कामात पोट भरतं का, हे तो सांगत नाही. त्याच पाहणीत काम करणाऱ्या बायकांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या आहेत. २०१७-१८ मध्ये कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २३.३ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ते ४१.७ वर गेलं. ऐकायला छान वाटतं. पण त्या वाढीत अम्माशेजारी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या किती पोरी आहेत, ते पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत संध्याकाळी सहाला चक्कर मारली की दिसतं.

नान्नांना दाखवायचाच असेल तर दुसरा आकडा दाखव. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने दिल्लीच्या एका संस्थेबरोबर २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. त्यात २०२२ सालचा हिशेब असा आहे: लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी ३.४ टक्के, पदवीधर तरुणांत २९.१. म्हणजे शंभरात तीन नाही, पदवीधर पोरांमध्ये जवळजवळ तिसरा माणूस. अडाणी पोराला काम मिळतं आणि शिकलेल्याला मिळत नाही, असा त्याचा अर्थ लावू नकोस. ज्याच्या घरी उद्याची भाकरी नाही त्याला बेकार बसणं परवडतच नाही, तो मिळेल ते करतो. तू तीन वर्षं बसू शकलीस, कारण अम्मा आणि नान्ना बसले नाहीत. हे टोचण्यासाठी लिहीत नाही, पण नान्नांचा राग कुठून येतो ते कळावं म्हणून लिहिते.

आता तुझ्या नोकरीचं. मी एका टॉवेल कारखान्यात सत्तावीस वर्षं हिशेब लिहिला, त्यामुळे इथे मला जरा जास्त बोलू दे.

मालकांनी सांगितलेले साडेनऊ बरोबर आहेत. पूर्ण अकरा हजारांवर पीएफ कापला तर तुझे १२ टक्के, म्हणजे १,३२० जातील. कामगार विम्याचे पाऊण टक्का, म्हणजे ८३ जातील. व्यवसाय कर लागणार नाही, कारण महाराष्ट्रात बायकांना २५ हजार पगारापर्यंत तो माफ आहे. हातात उरतात ९,५९७. महिन्याला १,४०३ रुपये कमी. अम्माला हजार विड्यांमागे काय मिळतं ते मला माहीत आहे, त्यामुळे चौदाशे रुपयांना मी क्षुल्लक म्हणणार नाही.

पण ते पैसे जातात कुठे बघ. तुझ्या १,३२० बरोबर मालकालाही १२ टक्के भरावे लागतात. त्यातले ९१६ तुझ्या पेन्शनच्या खात्यात जातात, ४०४ तुझ्या पीएफमध्ये. म्हणजे दर महिन्याला पीएफमध्ये १,७२४ साठतात, आणि २०२४-२५ साठी त्यावरचा व्याजदर ८.२५ टक्के होता. कामगार विम्यात तुझ्याबरोबर तुझ्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात, त्यांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे ती विचारून घे. वीस-पंचवीस वर्षं तंबाखूच्या धुळीत बसलेल्या बाईसाठी हे कागदावरचं कलम नाही. अम्मा खोकते का? पत्रात तू लिहिलं नाहीस, पण मी विचारून ठेवते.

आणखी एक गोष्ट, ही बहुतेक मालकांनाही नीट माहीत नसेल. केंद्राने २०२५ मध्ये प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना आणली. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात जो पहिल्यांदा पीएफमध्ये येतो, त्याला एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम, जास्तीत जास्त १५ हजार, दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी, आणि मध्ये पैशांच्या व्यवहाराचा छोटा ऑनलाइन पाठ पुरा करावा लागतो. तुझ्या बाबतीत हे अकरा हजार.

मालकाला काय? दहा ते वीस हजार पगाराच्या प्रत्येक नव्या माणसामागे महिना दोन हजार, दोन वर्षं. माल तयार करणारा कारखाना असेल तर चार वर्षं. अट अशी, की पन्नासच्या आत माणसं असलेल्या कारखान्याने किमान दोन जास्तीची माणसं घ्यायची आणि सहा महिने टिकवायची. आता मालकाच्या डोक्याने हिशेब कर. तुझ्यापायी त्याला पीएफ आणि त्याबरोबरचे किरकोळ आकार मिळून १३ टक्के, म्हणजे १,४३०, आणि कामगार विम्याचे ३.२५ टक्के, म्हणजे ३५८. बेरीज १,७८८. सरकार देणार दोन हजार. तुला कागदावर घेणं त्याला तोट्याचं तर नाहीच, दोनशे बारा रुपये वरच. अटीत बसतो का ते त्याच्या सीएकडून तपासून घ्यायला सांग. पण बोलणी करायला जाशील तेव्हा हा कागद हातात ठेव. पहिल्याच दिवशी हिशेबनीस बाईने मालकाचा फायदा काढून दाखवला, तर तो साडेनऊवरून दहा हजार हातात द्यायलाही तयार होईल. मी मालक असते तर मीही झाले असते.

कागद का एवढा लावून धरते, ते सांगते. १९८८ मध्ये पदवी झाल्यावर मी रोजगार विनिमय केंद्रात नाव घातलं होतं. दर तीन वर्षांनी कार्डाचं नूतनीकरण करायला रांगेत उभी राहायची. एकदाच बोलावणं आलं, तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता. मग १९९७ ला त्या टॉवेल कारखान्यात लागले. पहिली सहा वर्षं माझं नाव हजेरीपटावर नव्हतं. पगार लिफाफ्यात यायचा. मलाही बरं वाटायचं, कापून कुणी घेत नाही म्हणून. अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनचा कागद आला तेव्हा ती सहा वर्षं त्यात नव्हती. मीच हिशेब केला: महिना साधारण साडेपाचशे रुपये कमी. अर्ध्याहून जास्त गॅस सिलिंडर, दर महिन्याला, मरेपर्यंत.

तेव्हा पीएफसह काम घे. घेण्याआधी चार गोष्टी विचार. नियुक्तीपत्र मिळणार का? चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं आहे. पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा नंबर, पहिल्या महिन्यात निघेल का? सरकारच्या उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून तो आता काढता येतो. पगार बँकेत येईल का? चौथी गोष्ट गणवेशाच्या धंद्यातली. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली की तुमच्याकडे ऑर्डरींची धांदल सुरू होते, मे-जूनमध्ये रात्री नऊपर्यंत मशिना चालतात, आणि पावसाळा संपता संपता शुकशुकाट. त्या रिकाम्या महिन्यांत तुझा पगार पूर्ण राहणार की "येऊ नको, बोलावतो"? हे तोंडी ठरवू नकोस.

एक नाजूक गोष्ट. पंचेचाळीस माणसं आहेत असं तू लिहितेस. पण कागदावर किती, हे हिशेबाला बसलीस की पहिल्याच आठवड्यात कळेल. आपल्याकडे एकाच शेडमध्ये तीन पाट्या असतात: एक मालकाच्या नावाची, एक बायकोच्या, एक मेव्हण्याच्या. दहा माणसं झाली की कामगार विमा, वीस झाली की पीएफ, म्हणून कुणी एकोणिसाच्या पुढे जायलाच तयार नाही. माग तेच, वीज मीटर वेगळे. तुझं नाव ज्या पाटीखाली येईल त्या पाटीला पीएफचा कोड आहे का, ते आधी बघ.

सरांच्या 'धोरणा'कडे मी याच वाटेने येते, कारण सोलापुरात रोजगार धोरण कशाला म्हणायचं हे मला त्या तीन पाट्यांत दिसतं. सर म्हणतात त्यात थोडं खरं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने 'श्रम शक्ती नीती २०२५' नावाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी काढला. पूर्ण रोजगाराचं धोरण आखण्याची जबाबदारी आपण त्याआधीच घेतली होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा त्याबद्दलचा करार भारताने १९९८ मध्ये मान्य केला. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क आहे, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. पण या कशातून तुझ्या नावाची भरती निघत नाही. धोरण म्हणजे जाहिरात नव्हे. २०२४ च्या आर्थिक पाहणीत सरकारनेच लिहिलंय, की २०३० पर्यंत दरवर्षी शेतीबाहेर सरासरी ७८.५ लाख नवी कामं लागतील. सगळ्या सरकारी कचेऱ्या रात्रंदिवस भरती करत बसल्या तरी तो आकडा त्यांच्याच्याने होणार नाही. तो कारखान्यांत, दुकानांत, दवाखान्यांत व्हायचा आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत देशाला काही शिकवायचा मान आहे. रोजगार हमी आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास वि. स. पागे यांनी उभी केली, केंद्राचा कायदा थेट २००५ मध्ये आला. पण ती खडी फोडणाऱ्या हातांसाठी होती. बी.कॉम. झालेल्या हातांचं काय करायचं, याचं उत्तर अजून कुठल्याच सरकारने नीट दिलेलं नाही. शिकाऊ उमेदवारी, इंटर्नशिप, कौशल्य केंद्रं, सगळं पोराला तयार करण्यावर चाललंय. पोरगी तयार आहे हो! तिला ठेवून घेणारा कारखाना एकोणीस माणसांवर अडकलाय, त्याचं बघा.

सोलापूर एकेकाळी तसं नव्हतं. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, पुढे आणखी गिरण्या आल्या, भोंग्यावर अख्खं गाव उठायचं. गिरणीतला कामगार काही सुखात नव्हता, पण त्याचं नाव रजिस्टरात होतं. गिरण्या गेल्या, काम मागांच्या शेडमध्ये आलं. काम राहिलं, रजिस्टर राहिलं नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं हे चांगलंच झालं. तरी बाजारात 'सोलापुरी' म्हणून खपणारी निम्मी चादर पानिपतची असते, हे नान्ना मला सांगतील. त्यांनी दोन मागांवर उभं राहून जे कमावलं त्याला पेन्शन लागेल का, हे विचारून बघ एकदा. त्या बोलण्यातून तुमच्या दोघांचा अबोला सुटला तर बरंच.

पुणे. ते १७ हजार हातात येणारे की कंपनीच्या खर्चाचा आकडा? दुसरं असेल तर मालकाचा पीएफसुद्धा त्यातूनच जातो. बहीण ठेकेदाराकडे आहे का, आणि अकरा महिन्यांनी 'ब्रेक' देतात का, ते विचार. खोली आणि मेस मिळून सात-साडेसात हजार धर, रोजची बस, महिन्यातून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसने घरी. उरतात ते सोलापुरातल्या साडेनऊपेक्षा फार नसतात, आणि घरी देता येतात ते नक्कीच कमी. तरी पुण्याला मी फुली मारत नाही. दीड वर्ष इथे टॅली, जीएसटीचं विवरण, ई-वे बिल, शिलाईवाल्यांचा नगावरचा हिशेब हे सगळं स्वतःच्या हाताने कर. मग जाशील ती 'फ्रेशर' म्हणून नाही. आज गेलीस तर फोनवर बोलायचं काम मिळेल, आणि तीन वर्षांनी तिथेच फोनवर बोलत असशील.

एमपीएससी सोड असं मी म्हणत नाही. वयाची मर्यादा खुल्या गटाला ३८, मागास वर्गाला ४३ आहे. तू सव्वीसची आहेस, परीक्षा कुठे पळत नाही. पण रिकामं बसून अभ्यास करायचं आता पुरे. सकाळी साडेपाच ते आठ आणि रविवार, एवढ्यावर पुढच्या दोन पूर्व परीक्षा दे. दुसरीतही मुख्यपर्यंत गेली नाहीस तर अभ्यासिकेची खुर्ची दुसऱ्या कुणाला दे. सर नाराज होतील. वर्षभर थांब असं सांगणाऱ्याची फी वर्षभर चालू असते, एवढं मी त्यांच्याविषयी बोलते आणि थांबते.

आज काय करायचं: आधार, पॅन आणि बँक पासबुकावरचं नाव एकसारखं आहे का बघ. तुमच्याकडे घराण्याचं नाव कधी पुढे, कधी मागे, कधी नुसतं अक्षर असतं, आणि पीएफचं निम्मं काम तिथेच अडतं. मग सोमवारी मालकांना भेट. ते साधे असावेत, दोन्ही पर्याय उघड सांगितले म्हणजे. फक्त "तू लाग कामाला, पीएफ पुढच्या महिन्यापासून बघू" असं म्हणाले, तर उठून ये. मला ते सहा वर्षं दर महिन्याला सांगितलं गेलं.